टिटिरीशिवाय टिटिरीचे आक्रे

२९ ऑगस्ट, सकाळ
रेडिओ म्हणतो, वादळ आपल्या बेटाच्या पुष्कळ उत्तरेकडून जाईल. रेडिओवर किती विसंबायचं. सेलेस्टिन स्टूल घेऊन खिडक्यांना फळ्या ठोकायला निघाली. मी म्हटलं, आधी प्रार्थना, मग फळ्या. ती म्हणाली, तू ते कर, मी हे करते. पंचवीस वर्षांच्या संसारात अशीच वाटणी आहे आणि ती बरोबर आहे.

२९ ऑगस्ट, दुपार
सेंट रफाएलला नवस बोललो. गुडघ्यांवर बसून, मोठ्यानं, म्हणजे नंतर वाद नको. वादळ वळलं तर आमच्या कढईत पुन्हा टिटिरी पडणार नाही.
हा विचार आजचा नाही. एका आक्र्यात, म्हणजे एका भज्यात, किती टिटिरी असते ते मी मागे एकदा मोजलं होतं. एकशे बारा. दोऱ्याएवढी माशांची पिल्लं, काचेसारखी आरपार, पण प्रत्येकाला दोन काळे डोळे. म्हणजे आपण तोंड उघडतो तेव्हा दोनशे चोवीस डोळे आत येताना आपल्याकडे पाहत असतात. माणसानं याचा विचार करायला हवा. मी करतो.
पुतळ्यातल्या सेंट रफाएलच्या स्वतःच्या हातात मासा आहे. तो मोठा आहे. नवस लहान माशांचा आहे.

३० ऑगस्ट
वादळ वळलं. रेडिओवर म्हणाले, ते पहिल्यापासून त्याच वाटेनं चाललं होतं. रेडिओला नवसाची काय कल्पना.
सेलेस्टिन शेवटची फळी ठोकताना स्टुलावरून पडली. उजवं मनगट मोडलं. आठ आठवडे प्लास्टर. नवसाबद्दल तिला आज सांगितलं नाही. तिला विश्रांतीची गरज आहे.

३१ ऑगस्ट
सांगितलं. तिनं प्लास्टरकडे पाहिलं. मग म्हणाली, नवस तू केलास. कढई माझ्या आईची आहे.
मुद्दा आहे. पण नवसात मी ‘आमची कढई’ म्हणालो होतो आणि देवानं हरकत घेतली नव्हती.

१ सप्टेंबर
परिस्थिती लिहून काढतो. लिहिलं की सोपी होते, असं शाळेत गुरुजी सांगत.
चोवीस ऑक्टोबरला सेंट रफाएलचा सण. त्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांशी एकच कढई लागते आणि ती टिटिरीच्या आक्र्यांची असते. एकतीस वर्षं ती जागा सेलेस्टिनच्या घराकडे आहे, आधी तिच्या आईकडे, मग तिच्याकडे. नियम जुना आहे. संतांच्या पुतळ्याची मिरवणूक टेकडीवरच्या क्रुसापर्यंत जाऊन परत येईतो परात रिकामी झाली पाहिजे. एक जरी आक्रा उरला तरी पुढच्या वर्षी जागा दुसऱ्या कढईला. मादाम व्हालमाँ वाटच पाहते आहे. गेल्या वर्षी ती पायऱ्यांवर घड्याळ घेऊन उभी होती.
सेलेस्टिनचा हात प्लास्टरमध्ये. म्हणजे यंदा तळणार मी. आणि मी टिटिरी तळणार नाही. आणि टिटिरीचे आक्रे तर झालेच पाहिजेत.
लिहूनही फार सोपी झाली नाही. पण उपाय स्पष्ट आहे. टिटिरीशिवाय टिटिरीचे आक्रे. जिवंत वस्तू नाही, सगळं झाडावरचं, आणि खाणाऱ्याला कळणार नाही. सात आठवडे आहेत. दोन पुरतील.

६ सप्टेंबर
शेवया. दिसायला हुबेहूब. पिठात कालवल्या आणि तेलात सोडल्या. वर आल्या तेव्हा शेवया कुठे आणि पीठ कुठे हे सांगता येत नव्हतं. एकरूपता म्हणून चांगली गोष्ट, पण आक्रा म्हणून नाही.

९ सप्टेंबर
कोवळ्या नारळाची मलई, दोऱ्यासारखी कापून. कल्पना उत्तम. पारदर्शक, लवचिक, गोडसर. तेलात सोडल्यावर मात्र बंदुकीसारखे बार निघाले. मिशी डाव्या बाजूनं गेली. उजवीही काढली, समतोलासाठी.
रविवारी चर्चमध्ये मिसेची घंटा वाजवायला गेलो तेव्हा फादर अँब्रोज म्हणाले, एव्हारिस्त, तरुण दिसतोस. उपक्रमाचा पहिला लाभ.

१४ सप्टेंबर
सापडलं. हिरवी पपई. बारीक किसून, मीठ लावून, पिळून. लांबी टिटिरीची, रंग टिटिरीचा, हातात घेतली की निसटण्याची वृत्तीही तीच. कांद्याची पात, मिरची, मैदा नेहमीसारखं. बारा तळले. बाराही एकसंध राहिले. कढईसमोर उभ्यानंच आभाराची प्रार्थना केली. तेवढ्यात चार करपले.

१५ सप्टेंबर
सेलेस्टिननं चाखला. सावकाश चावला. म्हणाली, कांद्याची पात छान आहे.
पहिली दाद.

१८ सप्टेंबर
इलॅरिओंला बोलावलं. तो माझ्या मुलीचा धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपे म्हणतो, आणि नदीच्या मुखाशी टिटिरी धरण्यात त्याचा हात धरणारा गावात नाही. काही सांगितलं नाही. पुढे बशी ठेवली. त्यानं एक आक्रा मधोमध फोडला, उजेडाकडे धरला, फिरवला, परत ठेवला.
म्हणाला, कोंपे, हिला डोळे नाहीत.
मी म्हटलं, चवीनं बघ.
तो म्हणाला, आंधळी टिटिरी माझ्या बापानं खाल्ली नाही, मी खाणार नाही. हिला नक्की झालं काय होतं?
त्याचं बरोबर आहे. आक्रा फोडून आधी डोळे बघायचे, मग खायचा, ही आमच्या आन्स मांगो गावातल्या लेकरांचीसुद्धा रीत. काळे कुळकुळीत तर ताजी, पांढरट तर कालची. आणि मी डोळेच विसरलो. हे मी खाणाऱ्याच्या अंगानं न पाहता खाल्ल्या जाणाऱ्याच्या अंगानं पाहिल्यामुळे झालं असावं.

२२ सप्टेंबर
डोळ्यांसाठी सब्जाचं बी. काळं, चमकदार, योग्य आकाराचं. प्रत्येक दोऱ्याला दोन, सुईच्या टोकानं. सकाळपासून साठ झाले. पिठात घातल्यावर मात्र बियांनी पाणी ओढलं आणि फुगल्या. डोळे दोऱ्यापेक्षा मोठे झाले.
इलॅरिओं दारावरून जात होता. डोकावून म्हणाला, कोंपे, बेडूक धरायला या बेटावर बंदी आहे. मी काही पाहिलं नाही.

२६ सप्टेंबर
नवी रीत. तव्याच्या बुडाची काजळी काकवीत खलून, लिंबाच्या काट्यानं ठिपके. अप्रतिम. जरा लांबून तर मलाच दया आली. एक तर इतकी जमली की तिला बाजूला ठेवलं.

३० सप्टेंबर
हिशेब मांडला. सणाला तीनशे आक्रे लागतात. एका आक्र्यात एकशे बारा, म्हणजे तेहेतीस हजार सहाशे दोरे. तासाला माझे चाळीस होतात. एकूण आठशे चाळीस तास. दिवस उरले चोवीस. म्हणजे दिवसाला पस्तीस तास.
थोडी घाई करावी लागेल.

१ ऑक्टोबर
सेलेस्टिननं हिशेब वाचला. (वही टेबलावर राहिली होती. यापुढे राहणार नाही.) म्हणाली, एव्हारिस्त, आईच्या वेळेपासून ती जागा आपली आहे. ती जागा म्हणजे माझ्यासाठी काय आहे ते तुला माहीत आहे. वर्षभर मी कोणाचीच कोणी नसते. त्या एका सकाळी सगळं गाव माझ्यासमोर पानं घेऊन उभं असतं.
मी म्हटलं, जागा जाणार नाही.
ती म्हणाली, तर मग फादरना विचार, नवसातून सोडवतात का.
मी म्हटलं, सोडवणुकीची गरज हरणाऱ्याला असते.
ती उठून आत गेली. डाव्या हातानं दार लावून घेतलं, त्यामुळे नीट लागलं नाही.

३ ऑक्टोबर
शेतात रताळ्याच्या वेलांतलं तण काढताना सुचलं. आक्रा फोडल्यावर वरच्या दोन-तीनच टिटिरी दिसतात. बाकीच्या आत, अंधारात. अंधारातल्यांना डोळे काढणं ही निव्वळ हौस. एका आक्र्याला एक डोळस दोरा, तोंड बाहेर, पुरे. तीनशे आणि वर दहा राखीव. आठ तासांचं काम.
तण काढायला नेहमी असंच मोकळं मन हवं.

८ ऑक्टोबर
वासाचा प्रश्न. सेलेस्टिन म्हणते, यात नदी नाही. मी विचारलं, म्हणजे काय? ती म्हणाली, ते सांगता येत असतं तर मी मास्तरीण झाले असते.
विचार केला. नदीत काय असतं? पाणी आणि दगड. पाण्याला वास नसतो असं शाळेत शिकलो. उरले दगड. मुखाजवळचे सात गोटे आणून दोन तास उकळले. ते पाणी पिठात घातलं. चव दगडासारखी आली. प्रयोग यशस्वी, पण वेगळ्या दिशेनं.

१३ ऑक्टोबर
मादाम व्हालमाँ मिसेनंतर पायऱ्यांशी टेप घेऊन जागा मोजत होती. मी विचारलं, काय मोजताय? म्हणाली, माझी कढई मोठी आहे, पुढच्या वर्षी बसेल का ते बघते. आणि म्हणाली, सेलेस्टिनच्या हाताला आराम आहे ना? देव करो आणि तिला कायमचाच आराम मिळो.
मी तिच्यासाठी प्रार्थना केली. छोटी.

१७ ऑक्टोबर
आज चंद्र अर्धा उरला. इथून चौथ्या दिवशी टिटिरी समुद्रातून नदीत चढते, हे गावात कोंबड्यांनाही ठाऊक. लोक चादरी धुऊन ठेवतायत. टिटिरीला जाळं चालत नाही, निसटते. उथळ पाण्यात चादर अंथरायची, कडांना दगड, तोंड समुद्राकडे, आणि उचलायची.
मी चंद्राकडे पाहणं सोडलं आहे. पपईला चंद्र लागत नाही.

२१ ऑक्टोबर
टिटिरी आली नाही.

२२ ऑक्टोबर
आजही नाही. नदीच्या मुखाशी वीस चादरी, सगळ्या रिकाम्या.

२३ ऑक्टोबर, सकाळ
इलॅरिओंनं आपली चादर गुंडाळली. म्हणाला, गेला हा चंद्र, आता पुढच्याला. सगळं गाव उदास. सणाला टिटिरी नाही, असं कोणाच्याच आठवणीत झालेलं नाही.
मला सगळं स्वच्छ दिसलं. देवानं टिटिरी मागे धरून ठेवली आहे. यंदा बेटाच्या या बाजूला एकच टिटिरी असेल, माझी. सेलेस्टिनला हे सांगितलं. ती म्हणाली, देवानं तुला तसं कळवलं का? मी म्हटलं, कळवण्याची पद्धत असते. ती म्हणाली, तीनशे आक्रे उरले की व्हालमाँबाईंनाही देव कळवेलच.
तिचा आवाज जरा फाटला होता. हात दुखत असावा.

२३ ऑक्टोबर, संध्याकाळ
शेवटची अडचणही सुटली. पिठात नदी घालायची नाही. पपई नदीत घालायची. इतकं सोपं.
दोन बादल्या कीस. तीनशे दहा डोळस दोरे वर पसरले. गाठोडं बांधलं तर पाणी आत खेळणार नाही, म्हणून सेलेस्टिनची पांढरी चादर उथळ पाण्यात अंथरली, कडांना दगड ठेवले आणि तोंड समुद्राकडे उघडं, म्हणजे भरतीचं पाणी आतून फिरेल. ही मांडणी माझी स्वतःची.
इलॅरिओं वरून ओरडला, कोंपे, टिटिरी गेली, आता काय धरतोस?
मी म्हटलं, धरत नाही, भिजवतोय. पपई आहे.
तो क्रुसाची खूण करून निघून गेला. श्रद्धावान माणूस आहे.

२४ ऑक्टोबर, सकाळी साडेसहा
घंटा वाजवली. पाचची मिसा. सगळं गाव चर्चमध्ये. संपल्याबरोबर नदीवर गेलो, एकटाच.
शांतपणे लिहितो.
चादर मला उचलेना. पपई रात्रभर पाणी पिऊन जड झाली होती, दोन बादल्यांच्या पाच झाल्या. कीस आधीपेक्षा बारीक, चकचकीत आणि पारदर्शक झाला होता. हातात घेतला तेव्हा किंचित हलल्यासारखा वाटला. इतका वेळ वाहत्या पाण्यात राहिल्याची सवय असेल.
आणि डोळे. मी तीनशे दहा दोऱ्यांना डोळे काढले होते. मला वाटलं होतं थोडे धुऊन जातील. धुऊन गेले नाहीत. वाढले. प्रत्येक दोऱ्याला डोळे होते. प्रत्येकाला. खालच्यांनासुद्धा, अंधारातल्यांना. दोन दोन, जागच्या जागी, मी काढले होते त्यापेक्षा सुबक.
टोबियाच्या बापाची दृष्टी सेंट रफाएलनं परत आणली हे बायबलात आहे. पपईला पहिल्यांदाच दिली असावी.
चादरीच्या एका कोपऱ्यात, दगडाखाली, थोडा कीस जुन्यासारखाच राहिला होता. जाड, मळकट, काजळी पसरलेला. तिथपर्यंत कृपा पोचली नव्हती. तो मी फेकला नाही. देवाच्या देणगीत निवडानिवड करू नये.

२४ ऑक्टोबर, साडेसात
बादल्या सेलेस्टिनला दाखवल्या. ती खुर्चीतून उठली, वाकली, बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा बादलीत. मी म्हटलं, पपई. तिनं बादलीत एक बोट बुडवलं. डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं तळणारी बाई, तिनंही असं कधी पाहिलं नसावं.
शेवटी म्हणाली, मीठ कमी घाल. नदीचं आहे त्यात.

२४ ऑक्टोबर, दुपारी एक
सगळं क्रमानं.
आठला मिरवणूक टेकडीकडे निघाली. मी कढई ठेवली. रांगेत पहिली मादाम व्हालमाँ, मिरवणूक सोडून, घड्याळासकट. तिला कोपऱ्यातल्या किसाचे बारा दिले. ते वरच होते. पहिला घास घेऊन ती म्हणाली, यात काही नाहीच. मी म्हटलं, मादाम, नीट चावा. ती म्हणाली, पंचावन्न वर्षं चावते आहे, यात काही नाही. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, संपली, या कढईची सद्दी संपली. मत्सरानं माणसाची जीभ मरते, हे वाचलं होतं, आज पाहिलं.
तिच्यामागे इलॅरिओं. त्यानं आक्रा फोडला, उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. खाल्ला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, कुठून आणलीस?
मी खरं तेच सांगितलं. पपई आहे.
तो म्हणाला, बरं, बरं. मला अजून सहा पपया दे.
मग सगळी रांगच तसं म्हणू लागली. दोन पपया इकडे. चार पपया आजीला. काल नव्हती आणि आज कुठून आली ही पपई, एव्हारिस्त, तू बडा छुपा माणूस. मी प्रत्येकाला खरं सांगितलं आणि प्रत्येकानं डोळा मारला. मला वाटतं, चमत्कारासमोर साधी माणसं अशीच लाजतात.
सेलेस्टिन शेजारी खुर्चीवर बसून डाव्या हातानं पानं देत होती. तिला इतकं हसताना मी लग्नात पाहिलं होतं.
संत वळणावर दिसले तेव्हा परातीत सात उरले होते. रांग संपली होती. मादाम व्हालमाँ घड्याळ धरून पायरीवर. सेलेस्टिननं माझा दंड धरला. मी सातही खाल्ले. उभ्यानं, गरमागरम, एकामागून एक. जीभ पोळली. संत पायरीशी आले तेव्हा परात रिकामी होती.
गर्व म्हणून नाही, नोंद म्हणून लिहितो. इतका चांगला आक्रा मी आयुष्यात खाल्लेला नाही. आणि मनावर एकाही जिवाचं ओझं नाही. सात खाऊन इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

२४ ऑक्टोबर, दुपारी तीन
बिशपांना पत्र लिहिलं. साडेचार पानं. पपईला डोळे फुटल्याची हकीकत, तारीख, वेळ, बादल्यांची संख्या. पुढे पाठवण्यासाठी फादर अँब्रोजकडे दिलं. त्यांनी नऊ खाल्ले होते, म्हणून साक्षीदार म्हणून त्यांचंही नाव घातलं आहे.

२४ ऑक्टोबर, पाच
इलॅरिओं पाय धुवायला नदीवर गेला होता. धावत आला. म्हणतो, मुखाशी टिटिरीच टिटिरी. दगडच दिसत नाहीत. पुढच्या तर धबधब्याच्या दगडावर चढायलाही लागल्यात. म्हणजे पहाटे आलेली, सगळे मिसेला होते तेव्हा.
चांगली बातमी आहे. गावाला आनंद झाला. माझ्या पपईशी तिचा संबंध नाही.

२४ ऑक्टोबर, साडेपाच
पपई पहाटे त्याच पाण्यात होती, एवढं खरं. पण शेजार म्हणजे नातं नव्हे.

२४ ऑक्टोबर, पावणेसहा
चादरीचं तोंड समुद्राकडे होतं.

२५ ऑक्टोबर
सेलेस्टिनचं प्लास्टर निघालं. दवाखान्यातून येताना गाडीत विचारलं, काल सकाळी बादलीत काय होतं? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, बादलीत काय होतं ते बादलीला माहीत.
पुन्हा विचारलं. म्हणाली, एव्हारिस्त, त्यातली एक माझ्या बोटावर उडी मारून गेली.
मी म्हटलं, तर मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तू इतका खूश होतास. आणि नवस तुझा होता, मी कुठे केला होता. थोड्या वेळानं म्हणाली, आणि मला ती जागा हवी होती.
पुढचा सगळा रस्ता तिनं माझा हात धरला होता, सुटलेल्या हातानं. त्यामुळे मला नीट रागावता आलं नाही.
हिशेब केला. दोनशे अठ्ठ्याऐंशी आक्रे, एकशे बारानं गुणून बत्तीस हजार दोनशे छप्पन जीव. त्यांतले सातशे चौऱ्याऐंशी मी स्वतः. पुढचा गुणाकार, डोळ्यांचा, केला नाही.

२६ ऑक्टोबर
फादर अँब्रोजकडे गेलो. नकळत मोडलेला नवस मोडला का? त्यांनी विचारलं, चादर कशी अंथरली होती? मी सांगितलं. त्यांनी विचारलं, आणि तू जन्मलास कुठे? मी म्हटलं, इथेच, आन्स मांगोत. ते म्हणाले, एकोणपन्नास वर्षं? मी म्हटलं, पुढच्या महिन्यात. ते म्हणाले, मग नकळत हा शब्द जरा जपून वापर.
शिक्षा म्हणून एक जपमाळ. बिशपांचं पत्र त्यांनी खणातून काढून परत दिलं. पाठवलंच नव्हतं. म्हणाले, साक्षीदार म्हणून माझं नाव आहे, आणि मी त्या वेळी खात होतो.
पायऱ्यांशी सणाची मंडळी भेटली. जागा सेलेस्टिनच्या घराला कायमची दिली आहे, ठराव झाला. ठरावात एक ओळ जास्त आहे. दर वर्षी टिटिरी एव्हारिस्तनंच आणावी आणि एव्हारिस्तनंच तळावी, कारण अशी आजवर कोणी खाऊ घातली नाही. सर्वानुमते. सेलेस्टिननंही हात वर केला होता. उजवा.

२७ ऑक्टोबर
जपमाळ म्हणताना सुचलं. कोपऱ्यातल्या किसाचे ते बारा. ते तर शुद्ध पपईच होते. म्हणजे सगळ्या गावात माझा नवस एकीनंच खाल्ला, आणि एकटीच ती खरं बोलत होती. मादाम व्हालमाँकडे गेलो आणि टोपी काढून माफी मागितली. तिला वाटलं, टोमणा मारायला आलोय.
मी म्हटलं, मादाम, एवढंच सांगा, ते बारा तुम्ही संपवलेत का?
ती म्हणाली, संपवायला मला काय वेड लागलंय. कागदात गुंडाळून घरी आणले आणि कुत्र्याला टाकले. त्यानं कागद खाल्ला.
अकरा अख्खे आणि एक उष्टा अंगणात तसेच पडले होते. मुंग्या त्यांना वळसा घालून चालल्या होत्या. बाराव्यातला एक घास मात्र तिनं पायऱ्यांशी खाल्ला होता, हे मी स्वतः पाहिलं आहे.
तेवढा नवस फिटला असं धरतो.